गाठ तिसऱ्यांदा का तपासली? शोकाच्या कादंबरीवर वाचनगटात बोलताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापुरात तुमचा 11 जणींचा वाचनगट आहे, दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जमता. पुढच्या बैठकीला ठेवलेल्या कादंबरीत एका आईचा 16 वर्षांचा मुलगा विहिरीत बुडून जातो. वर्षभर ती आई त्या विहिरीकडे फिरकत नाही, आणि शेवटच्या प्रकरणात शेजारच्या लहान मुलीला पोहायला शिकवायला त्याच विहिरीवर जाते. मुलीच्या पाठीला तरंगण्यासाठी सुका भोपळा बांधते, गाठ तिसऱ्यांदा तपासते, तिथं कादंबरी संपते. तुमच्या गटातल्या एका ताईंचे यजमान 8 महिन्यांपूर्वी गेले. दुसऱ्या एका मैत्रिणीला शेवट खोटा वाटला आणि तसं तिनं आधीच बोलून दाखवलंय. तुम्ही विचारता: कादंबरी बदलू का, प्रश्न कोणते काढू, आणि कुणी रडलं तर काय करू?

मी राजारामपुरीत 18 वर्षं वाचनगट चालवते. त्याआधी ग्रंथालयात नोकरी केली. तुमची ही कादंबरी मी वाचलेली नाही, म्हणून तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरच बोलते. पण मृत्यूनंतरच्या घराची गोष्ट सांगणाऱ्या बऱ्याच कादंबऱ्या आमच्या गटात वाचून झाल्या. त्यातल्या काही बैठका आजही डोळ्यांसमोर आहेत, आणि एक बैठक माझ्या हातून पार बिघडली, तीही आहे.

आधी मला तुमच्या प्रश्नांचा क्रम बदलावासा वाटतो. तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न खरं तर पहिला आहे. कुणी रडेल, घरात शांतता पसरेल, आणि यजमानीण म्हणून ती शांतता तुम्हाला सांभाळता येणार नाही, ही भीती तुमच्या लिहिण्यात जागोजागी दिसते. प्रश्नांची यादी तुम्ही मागताय ती त्या शांततेवर झाकण म्हणून. तसं केलंत तर यादीतले सगळे प्रश्न दीड तासात संपतील, चहा होईल, सगळ्या घरी जातील, आणि कादंबरी मात्र कुणी उघडलेलीच नसेल.

माझ्या हातून बिघडलेली बैठक आधी सांगते. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. कादंबरीत म्हातारा बाप गेल्यावर त्याच्या चपला उंबऱ्याशी तशाच राहतात, असा एक प्रसंग होता. आमच्यातल्या एक बाई, एरवी फारशा बोलत नसत, त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडे अजून आहेत. मुलाच्या.’ एवढंच. आणि आम्ही सगळ्या एकदम त्यांच्यावर तुटून पडलो. एकीनं पाठीवर हात ठेवला, एकीनं पाणी आणलं, एक म्हणाली देवाला जे आवडतात ते लवकर जातात, दुसरीनं तिच्या पुतण्याची गोष्ट सुरू केली. मीही म्हणाले, ‘बघा, कादंबरीतल्या सुनेनंसुद्धा शेवटी चपला उचलून ठेवल्या की नाही!’ त्या बाईंनी पाणी प्यायलं, मान हलवली, पर्स उचलली. त्या पुन्हा आल्या नाहीत. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा गोड बोलल्या. मला कळायला वर्ष लागलं की त्यांना आमच्याकडून काही नको होतं. त्यांना एक वाक्य खोलीत ठेवायचं होतं, आणि ते ठेवायला आम्ही जागाच दिली नाही. कादंबरीतली आशा मी त्यांच्या तोंडावर उत्तरासारखी फेकली होती.

तेव्हापासून आमच्या गटात मी एक गोष्ट पाळते. कादंबरीतल्या आशेबद्दल पहिल्या तासात बोलायचं नाही. मृत्यू आणि त्यानंतरचे दिवस यांवर आधी पुरेसं बोलायचं, शेवटाकडे नंतर वळायचं. शेवट आशादायक असला की वाचकाला तिथं पोचायची घाई होते, आणि ज्यांच्या घरी अलीकडे कुणी गेलंय त्यांना ती घाई लगेच जाणवते. तेराव्यापर्यंत आपल्याकडे माणसाला रडायची मुभा असते. दारात गाड्या लागतात, शेजारून पिठलं-भात येतो, कुणी ना कुणी जवळ बसलेलं असतं. चौदाव्या दिवसापासून ‘आता सावर’ सुरू होतं. 8 महिन्यांनी तर सगळ्यांना वाटत असतं की एव्हाना सावरली असेल. तुमच्या ताई वर्षश्राद्धाच्या अलीकडे आहेत. दिवाळी, संक्रांत, पाडवा, सगळे सण त्यांना पहिल्यांदाच यजमानांशिवाय गाठायचे. म्हणून तुमच्या बैठकीत ही घाई एरवीपेक्षा जास्त टोचेल.

आता कादंबरी बदलायची का? हे बरंचसं त्या ताईंवर अवलंबून आहे, आणि ते त्यांनाच विचारायला हवं. विचारायची पद्धत मात्र महत्त्वाची. व्हॉट्सअॅपच्या गटावर ‘कुणाला काही अडचण आहे का’ असं टाकू नका, तिथं त्या ‘नाही’च म्हणतील. घरी जा किंवा फोन करा. ‘चालेल ना तुम्हाला?’ असंही विचारू नका, कारण त्याला उत्तर ‘चालेल की’ हेच येतं. त्याऐवजी माहिती द्या. पुस्तकात मुलगा कसा जातो, ते वर्णन कोणत्या पानांवर आहे, किती लांब आहे, शेवट कसा आहे. मग चार वाटा पुढे ठेवा: वाचून यायचं, ती पानं गाळून वाचायचं, न वाचता नुसतं ऐकायला यायचं, किंवा या वेळी यायचंच नाही. चारही सारख्याच आवाजात सांगा. आमच्याकडे एकदा एका बाईंनी तिसरी वाट घेतली. दोन तास शेवग्याच्या शेंगा सोलत बसल्या, त्या वेळी त्यांच्याच घरी बैठक होती. एकदाही बोलल्या नाहीत, आणि मी निघाले तेव्हा मला म्हणाल्या, बरं झालं ठेवलंत हे पुस्तक.

माझा स्वतःचा कल कादंबरी न बदलण्याकडे आहे. न सांगता बदललीत तर त्या ताईंना कळणारच. आपल्यामुळे सगळ्यांचं वाचन अडलं, आपल्यासमोर काही विषय काढायचे नाहीत असं ठरलंय, हे त्यांना जास्त लागेल. पण त्या स्वतः ‘आत्ता नको’ म्हणाल्या तर एका शब्दानं आग्रह करू नका, 6 महिन्यांनी घ्या. गट नवा असेल, एकमेकींची नावंच जेमतेम माहीत असतील, तरीही थांबलेलं बरं. मधल्या महिन्यात एखादा उतारा घेऊन बघता येतो. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ 1963 साली आली. तिच्यात पांडुरंगाची धाकटी बहीण मनी जाते, ती पानं आम्ही एकदा अशीच सुटी वाचली होती. सगळं पुस्तक वाचायचं ओझं नव्हतं, आणि अशा विषयावर आपला गट किती वेळ गप्प बसू शकतो हे त्या दिवशी कळलं.

प्रश्नांकडे येते, कारण तिथं मला तुम्हाला सगळ्यात जास्त सांगायचंय.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43 फूट. शाहूपुरीत, कुंभार गल्लीत घरांत पाणी शिरलं, गणपती महिन्यावर आला असताना कुंभारांच्या मूर्ती भिजल्या. ऑगस्टची बैठक झालीच नाही. सप्टेंबरमध्ये जमलो तेव्हा पुस्तकाचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. मी उगाच विचारलं, ‘काय वाटतं सगळ्यांना? मन मोकळं करा.’ कुणी काही बोलेना. शाहूपुरीतल्या आमच्या एक आजी होत्या, त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. भिजून दुप्पट फुगलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या, पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे सारलेले. मी विचारलं, ‘हे कधी केलंत?’ मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. पाणी ओसरल्यावर घरात आधी काय केलं, चिखल कसा काढला, आणि रात्री झोप येईना म्हणून एकेक पान कसं सोडवत बसल्या. सूनबाईला वाटलं सासूबाई रडतायत. आजी आपल्या कोल्हापुरी बोलीत म्हणाल्या, ‘मी रडत नव्हतो बाई. पानं सुटी करत होतो.’

त्यानंतर तासभर प्रत्येक जण बोलली. कुणी पाण्याची रेघ भिंतीवर कुठपर्यंत आली ते सांगितलं, कुणी शिवणयंत्राचं. ‘काय वाटतं’ याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. हातातल्या वस्तूबद्दल विचारलं तेव्हा सगळं आलं.

कादंबरीलाही असंच विचारावं असं माझं मत झालंय. तुमच्या यादीत बहुतेक असे प्रश्न असतील: ‘दुःखातून बाहेर पडायला काय मदत करतं?’, ‘या कादंबरीतून आशेबद्दल आपण काय शिकतो?’ हे प्रश्न ऐकून माणसं भाषण करायला लागतात, किंवा गप्प होतात. आता तुम्हीच लिहिलेला तपशील घ्या. ती बाई भोपळ्याची गाठ तिसऱ्यांदा तपासते. विचारा: तिसऱ्यांदा का? पहिल्यांदा तपासली ती कुणासाठी, दुसऱ्यांदा कुणासाठी? तिच्या मुलाच्या पाठीला कधी कुणी भोपळा बांधला होता का, कादंबरीत तसं कुठं आलंय का? ती गाठ तपासत असताना ती लहान मुलगी काय करत असते, कंटाळते का, घाबरते का? शेजारणीनं आपली मुलगी हिच्या हातात कशी काय दिली?

बघा, यातल्या एकाही प्रश्नात ‘तुमचं दुःख’ हा शब्द नाही. ज्याला फक्त पुस्तकावर बोलायचंय तो पुस्तकावर बोलेल. ज्याच्या घरातही अशी तीनदा तपासायची सवय लागलीय (गॅसचं बटण, दाराची कडी, शाळेतून यायला उशीर झालेलं मूल) त्याला स्वतःचं सांगायलाही वाट आहे. आपण ढकललेलं नाही. माझ्या अनुभवात माणसं या दुसऱ्या वाटेनं आपणहून येतात, आणि आली नाहीत तरी बैठक फुकट जात नाही.

याच्यामागे आपल्या परंपरेतला एक जुना विचार आहे, तो मला फार उपयोगी वाटतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायी भाव, म्हणजे तो रस ज्या मूळ भावनेतून तयार होतो ती, शोक सांगितलाय. शोक आणि करुण असे दोन शब्द आहेत, ते उगाच नाहीत. स्वतःच्या घरातला शोक भोगावा लागतो, त्याचा आस्वाद कुणी घेत नाही. तोच शोक नटाच्या किंवा कवीच्या हातून आला की त्याच्याकडे चार माणसांत बसून बघता येतं, त्यावर बोलता येतं, कुठं कमी पडला हेही म्हणता येतं. वाचनगटात आपल्यापाशी करुण असतो, शोक नसतो. कुणाचा शोक मधेच वर आला तर त्याला जागा द्यायची, पण आपण प्रश्न विचारायचे ते कादंबरीला.

वस्तूंबद्दल आणि तपशिलांबद्दल विचारण्यात आणखी एक सोय आहे. ज्यांना भावनेचे शब्द जमत नाहीत ते त्यातून बोलतात. मधली काही वर्षं आमच्या गटात पुरुषही येत. एक निवृत्त एसटी वाहक होते. घाटातल्या अपघाताची कादंबरी होती आणि ते सारखे लेखकाची चूक काढत होते: त्या वेळेला तिकडून गाडीच नाही, मुक्कामाची गाडी वेगळी असते, घाट चढताना डावीकडे दरी येतच नाही. बाकीच्या वैतागल्या. मी त्यांना अडवलं नाही, उलट गाड्यांची वेळ नीट विचारली. त्यांनी बोटांवर मोजत सगळ्या गाड्या सांगितल्या आणि शेवटची सांगून थांबले. म्हणाले, ‘या गाडीनं माझा भाऊ जायचा.’ पुढं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. त्या दिवशी त्यांनी कादंबरीवर सगळ्यांपेक्षा जास्त मन लावलं होतं, हे तेव्हा कुठं आम्हाला कळलं.

आता कुणी रडलं तर. आधी काही करू नका. खरंच काही करू नका. शेजारी बसलेल्या एकीनं नुसतं बसून राहायचं, बाकीच्यांनी पुस्तकाकडे बघायचं. पाणी हाताशी आधीच ठेवलेलं असावं, म्हणजे कुणी उठून स्वयंपाकघरात धावणार नाही. मी मनात 20 पर्यंत आकडे मोजते. ऐकायला कमी वाटतं, पण तेवढ्या शांततेत बहुतेक वेळा ती व्यक्ती स्वतःच काहीतरी बोलते, किंवा डोळे पुसून मान हलवते. मग मी एकच विचारते: ‘थोडं थांबूया, की पुढं जाऊया?’ दोन्हींतलं काहीही चालेल अशा सुरात. निर्णय त्यांचा. जागा देताना दाराजवळची खुर्ची त्यांच्यासाठी मोकळी राहील असं बघा, म्हणजे सगळ्यांच्या पायांवरून वाट काढत बाहेर जावं लागणार नाही.

काय बोलू नये हे मात्र बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांना एकदा सांगून टाका, नाव न घेता, नियम म्हणून. आमच्याकडे दोनच नियम आहेत. ‘सावर’ म्हणायचं नाही, आणि एकीच्या दुःखाला दुसरीनं आपल्या दुःखानं उत्तर द्यायचं नाही. दुसरा नियम पाळायला जड जातो. ‘माझ्या आईच्या वेळी पण असंच’ हे आपण मायेनंच म्हणतो. पण समोरच्या बाईचं वाक्य अर्धं राहतं आणि आपली गोष्ट सुरू होते. आपली गोष्ट सांगायला हरकत नाही, पण नंतर, आपल्या पाळीला. आणि त्या ताईंना मधेच ‘तुम्ही सांगा, तुम्हाला जास्त कळणार’ असं कुणी म्हणू नये, यावर तुम्ही स्वतः लक्ष ठेवा. नवरा गेला म्हणून बाई शोकाची तज्ज्ञ होत नाही. मुलगा जाणं आणि नवरा जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कदाचित त्यांना त्या दिवशी फक्त भाषेबद्दल बोलायचं असेल.

कुणीतरी शोकाचे ‘पाच टप्पे’ काढणारच. नकार, राग, आणि शेवटी स्वीकार, असं मोबाईलवर सगळीकडे फिरत असतं. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969 मध्ये ते मांडले तेव्हा त्यांच्यासमोर स्वतःच्या मरणाला सामोरे जाणारे रुग्ण होते. मागं राहिलेल्या माणसांचं वेळापत्रक म्हणून ते आलेले नव्हते. ते वापरून ‘ही बाई अजून तिसऱ्या टप्प्यात आहे’ असं पात्राबद्दल म्हटलं की शेजारी बसलेल्या बाईचंही मोजमाप होतं. मला त्यापेक्षा स्ट्रोब आणि शूट या शोकाच्या दोन अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलेली गोष्ट वाचताना कामाला येते. शोकात माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो, असं ते सांगतात. कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत पार बुडतो, कधी लाईट बिल भरतो, लोणचं घालतो, कशावर तरी खळखळून हसतो, आणि पुन्हा तिकडे जातो. आमच्या गटात ‘हे पात्र सुसंगत नाही, काल रडत होती आज नातेवाइकांच्या लग्नात साडी नेसून मिरवतेय’ अशी तक्रार बरेचदा येते. तुमच्याकडे आली तर ही ये-जा सांगून बघा, आणि कादंबरीत ती कुठं कुठं दिसते ते शोधायला लावा.

आता तुमच्या त्या मैत्रिणीचं, जिला शेवट खोटा वाटला. तिला गप्प करू नका. तुमच्या बैठकीतली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. पण तिला दुसऱ्या तासासाठी राखून ठेवा, आधी तसं सांगून ठेवा. शेवट खोटा का वाटला, हे पानं उघडून शोधू द्या. तो अचानक आला का? विहिरीकडे न फिरकण्यापासून विहिरीवर उभं राहण्यापर्यंतची मधली पावलं लेखकानं दाखवलीत का, की गाळलीत? पाणी भरायला दुसरीकडे जाणं, मग विहिरीच्या रस्त्यापर्यंत जाऊन परतणं, असं काही आहे का? नसेल तर तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं बरोबर असू शकतं, आणि ते गटासमोर मान्य करायला हरकत नाही. आशा दाखवली म्हणून कादंबरी चांगली ठरत नाही.

आणि इथं आपल्या भाषेचा फायदा घ्या. आपल्याकडे आशा, उमेद आणि धीर असे तीन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. आशा लावून बसतो, म्हणजे काहीतरी बाहेरून येणार असतं: पाऊस, पत्र, निकाल. उमेद अंगात असते, खचते, पुन्हा येते. ती असली की हातून काम होतं. धीर धरतो किंवा देतो, आणि सुटला की सगळंच सुटतं. आमच्या गटात मी हे तीन शब्द तीन कागदांवर मोठ्या अक्षरात लिहून मधे ठेवते आणि विचारते: शेवटच्या पानावर या माणसाकडे यातलं काय आहे? तुमच्या कादंबरीतल्या आईला कसली आशा असणार? मुलगा परत येणार नाही. पण सकाळी उठून भोपळा शोधला, दोरी शोधली, म्हणजे उमेद थोडीतरी आहे. की तीही नाही, नुसता धीर धरून उभी आहे, पोर पाण्यात उतरेपर्यंत? मला वाटतं तुमच्या गटात यावर वाद होईल. होऊ द्या. तुमच्या मैत्रिणीला जो शेवट ‘आशा’ म्हणून खोटा वाटला तो ‘धीर’ म्हणून कदाचित पटेल, आणि नाही पटला तरी तिला तिचं म्हणणं नेमकं सांगता येईल.

बैठकीची आखणी आमच्याकडे साधारण अशी असते. चारला सुरुवात. पहिली 10 मिनिटं एक उतारा मोठ्यानं वाचायचा, आणि तो मृत्यूचा नको. त्यानंतरचा एखादा साधा दिवस निवडा. मग प्रत्येकीनं एकच सांगायचं: वाचताना मी कोणत्या पानावर थांबले. का थांबले ते सांगायची सक्ती नाही. एवढ्यानंच बरंच कळतं, कारण चार-पाच जणी एकाच पानावर थांबलेल्या असतात. पाचच्या सुमाराला चहा, आणि हा चहा लवकर उरकू नका. कप विसळताना, भडंग वाटीत काढताना, दोघी-दोघी उभ्या असताना जे बोललं जातं ते बाहेर गोलात कधी बोललं जात नाही. त्यासाठी मी अर्धा तास ठेवते. चहानंतर शेवट, आशा, तुमच्या मैत्रिणीचा आक्षेप. सहाच्या आधी शेवटचा परिच्छेद पुन्हा मोठ्यानं वाचायचा, त्यावर कुणी काही बोलायचं नाही, आणि पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरवून उठायचं. पुढचं पुस्तक ठरवणं विसरू नका. जड बैठकीनंतर पुढची तारीख नक्की असली की बरं वाटतं.

सगळ्यांकडे प्रत असणं मात्र गरजेचं आहे, पानं उघडून बोलायचं तर. इतक्या प्रती विकत घेणं जमत नसेल तर ग्रंथालयांत चौकशी करा. आपल्या गावात 1850 पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे, त्याशिवाय पेठापेठांतली वाचनालयं आहेत. तीन-चार प्रती मिळाल्या तरी महिनाभरात त्या फिरवता येतात.

एक सावधगिरी. आपण वाचनगट चालवतो, उपचार करत नाही. त्या ताई किंवा आणखी कुणी, बैठकीत किंवा नंतर, जगण्यात अर्थ नाही असं बोलल्या, किंवा जेवण-झोप पार तुटली आहे असं दिसलं, तर ते करुण रसात मोजू नका. घरच्या एखाद्या जवळच्या माणसाशी बोला, डॉक्टरांकडे जायला सोबत करा. सरकारची टेलि-मानस ही मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक मी सगळ्यांच्या देखत एकीला देत नाही. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, ज्याला हवा तो घेतो.

बैठक झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्या ताईंना फोन करा. पुस्तकाचा विषय तुम्ही काढू नका, त्यांनी काढला तर ऐका. आणि आमच्याकडची एक रीत सांगते. ज्या कुणाची संध्याकाळ जड गेली असं मला वाटतं, तिच्या हातात निघताना उरलेल्या भडंगाचा नाहीतर वड्यांचा डबा देते, घरी मुलांना म्हणून. आपल्याकडे डबा कुणी रिकामा परत करत नाही. दोन-चार दिवसांनी त्या डब्यात काहीतरी घालून त्या येतात. तेव्हा घरी दुसरं कुणी नसेल असं बघते आणि चहा टाकते.